बाळाच्या पोटातील मुका मार

समजा, हिवाळ्याचे दिवस आहेत. वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यातील बाई रुग्णालयात बाळंत झाली आहे. बाळ चांगले चार किलो वजनाचे. त्यामुळे प्रसूती अवघड गेली आणि बाळाला पहिले रडू फुटायलाही जरा वेळ लागला. तिसऱ्या दिवशी आजीच्या लक्षात येते, की बाळ पिवळे दिसते आहे. नवजात बाळांना थोडी कावीळ होते आणि ती आठवड्याभरात ओसरते, हे आजीला अनुभवाने ठाऊक असते. पण हे बाळ नुसते पिवळे नाही, तर फिकटही आहे. ओठ पांढुरके, तळवे पांढुरके. डॉक्टर बाळाचे पोट हलक्या हाताने चाचपतात. उजव्या बाजूस, यकृताच्या खाली, लिंबाएवढा काहीतरी गोळा बोटांना लागतो.

हा गोळा कशाचा? बाळाच्या अंगावर जखम नाही, बाहेर रक्ताचा थेंब नाही. मग फिकटपणा कशाने आला? आणि फिकटपणाचा काविळीशी संबंध काय?

आपण खेळताना पडतो, तेव्हा कधी कधी कातडी फाटत नाही, पण आत रक्त साकळते. त्याला आपण मुका मार म्हणतो. या बाळालाही असाच एक मुका मार बसलेला असू शकतो. तो बसलेली जागा मात्र फार खोल आणि फार महत्त्वाची आहे. तिचे नाव अधिवृक्क ग्रंथी.

मूत्रपिंडावरची टोपी

वृक्क म्हणजे मूत्रपिंड. त्याच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली, म्हणून ती अधिवृक्क ग्रंथी. डावी एक आणि उजवी एक, अशा त्या दोन असतात. इटलीतील शरीररचनाशास्त्रज्ञ बार्तोलोमेओ युस्ताकी याने १५६३ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. परंतु त्या कशासाठी आहेत, हे पुढची जवळजवळ तीनशे वर्षे कोणास कळले नाही. १८५५ साली लंडनच्या टॉमस ॲडिसन या डॉक्टरने दाखवून दिले, की या ग्रंथी नासल्या म्हणजे माणूस अशक्त होत जातो, त्याची कातडी काळवंडते आणि अखेर तो मरतो. दुसऱ्याच वर्षी ब्राऊन-सेकार या शास्त्रज्ञाने प्राण्यांमधील या ग्रंथी काढून पाहिल्या. ते प्राणी जगले नाहीत. एवढीशी टोपी, पण तिच्यावाचून जीव तगत नाही!

ग्रंथीचे दोन भाग असतात. बाहेरचे साल आणि आतला गाभा. सालीमध्ये कॉर्टिसॉल व अल्डोस्टेरोन ही संप्रेरके तयार होतात. रक्तातील साखर, मीठ आणि रक्तदाब यांचा तोल सांभाळणे हे त्यांचे काम. गाभ्यात ॲड्रिनॅलिन तयार होते. रस्त्यात अचानक साप दिसला म्हणजे छाती धडधडते ती याच ॲड्रिनॅलिनमुळे.

आता एक नवलाची गोष्ट पाहा. मोठ्या माणसाची अधिवृक्क ग्रंथी तिच्या मूत्रपिंडाच्या सुमारे तिसाव्या हिश्शाएवढी असते. नवजात बाळात मात्र ती मूत्रपिंडाच्या सुमारे एक-तृतीयांश असते! गर्भावस्थेत या ग्रंथीच्या सालीचा एक खास भाग खूप वाढलेला असतो. तो जे पदार्थ बनवतो, त्यांपासून वार, म्हणजे आई व गर्भ यांना जोडणारा अवयव, इस्ट्रोजेन हे संप्रेरक तयार करते. जन्मानंतर वार निघून जाते आणि या भागाचे काम संपते. काही आठवड्यांतच तो आटतो आणि ग्रंथी निम्म्याएवढी होते. म्हणजे जन्माच्या वेळी बाळाच्या पोटात रक्ताने भरलेली, मोठी आणि नाजूक अशी ही ग्रंथी असते, आणि नेमक्या त्याच वेळी त्याला प्रसूतीचा ताण सोसावा लागतो.

अनेक नाले, एकच सांडवा

या ग्रंथीला रक्तपुरवठा भरपूर. तीन बाजूंनी धमन्या येतात आणि त्यांच्या पन्नास-साठ बारीक शाखा ग्रंथीत शिरतात. पण रक्त बाहेर नेणारी मुख्य नीला एकच. गावच्या तलावाला अनेक नाले येऊन मिळावेत आणि सांडवा मात्र एकच असावा, तशी ही रचना आहे. सांडव्याच्या खाली पाणी तुंबले की तलावाची पातळी चढते आणि बांधावर भार येतो. तसेच येथे होते. प्रसूतीत बाळाच्या पोटावर दाब आला किंवा बाळ गुदमरले, की मोठ्या नीलेतील दाब वाढतो. तो मागे ग्रंथीपर्यंत पोहोचतो आणि तिच्यातील बारीक रक्तवाहिन्या फुटतात. शिवाय प्राणवायू कमी पडल्याने त्या वाहिन्यांच्या भिंती आधीच दुबळ्या झालेल्या असतात.

हा रक्तस्राव डाव्या बाजूपेक्षा उजव्या बाजूस बराच जास्त आढळतो. दर दहांपैकी सुमारे सात वेळा तो उजवीकडे असतो. असे का? शरीररचना पाहिली की कारण उमगते. उजवी ग्रंथी यकृत आणि पाठीचा कणा यांच्यामध्ये सापडलेली असते. तिची नीलाही आखूड असून ती थेट शरीरातील सर्वांत मोठ्या नीलेला मिळते, त्यामुळे तिथला दाब तिच्यावर सरळ येतो. डावीची नीला लांब असते व आधी मूत्रपिंडाच्या नीलेला मिळते. दोन्ही बाजूंना एकाच वेळी रक्तस्राव होणे हे त्यामानाने विरळ.

कोणत्या बाळांना धोका अधिक? वजनाने मोठी बाळे, मधुमेही मातांची बाळे, पायाळू किंवा अवघड प्रसूती झालेली, जन्मताना गुदमरलेली, रक्तात जंतुसंसर्ग झालेली आणि रक्त गोठण्यात दोष असलेली बाळे.

आता आपल्या गोष्टीतल्या बाळाचा हिशेब मांडू. बाळाच्या शरीरात दर किलो वजनामागे सुमारे ८० मिलिलिटर रक्त असते. चार किलोच्या बाळात ३२० मिलिलिटर. गोळ्याचा व्यास ४ सेंटिमीटर धरला, तर गोलाच्या घनफळाच्या सूत्राने त्याचे घनफळ सुमारे ३३ मिलिलिटर येते. म्हणजे बाळाचे एक-दशांश रक्त त्या लिंबाएवढ्या गोळ्यात अडकले! मोठ्या माणसाच्या अंगातून एकदम अर्धा लिटर रक्त जावे, तसे हे झाले. बाळ फिकट का, याचे उत्तर मिळाले.

आणि कावीळ? साकळलेल्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. त्यांच्यातील हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य बनते. १ ग्रॅम हिमोग्लोबिनपासून सुमारे ३५ मिलिग्रॅम बिलिरुबिन मिळते. नवजात बाळाच्या १०० मिलिलिटर रक्तात १६ ग्रॅम हिमोग्लोबिन धरले, तर ३३ मिलिलिटर रक्तात सुमारे ५ ग्रॅम, आणि त्यापासून १८० मिलिग्रॅमच्या आसपास बिलिरुबिन. एवढ्या वजनाचे निरोगी बाळ दिवसाकाठी सुमारे ३० मिलिग्रॅम बिलिरुबिन तयार करते. म्हणजे सहा दिवसांचे जादा ओझे त्या कोवळ्या यकृतावर पडले. म्हणून फिकटपणा आणि कावीळ ही दोन्ही लक्षणे एकाच गोळ्यापासून निघाली. काही मुलग्यांत रक्त खाली उतरून वृषणकोशावर काळेनिळे डागही दिसतात. अनेक बाळांत मात्र बाहेरून काहीच दिसत नाही.

ऐकू न येणाऱ्या आवाजाचे चित्र

पूर्वी हा आजार जिवंतपणी क्वचितच ओळखला जाई. मृत्यूनंतरच्या तपासणीत, शस्त्रक्रिया करताना, किंवा पुष्कळ दिवसांनी क्ष-किरणांच्या चित्रात चुन्याचे कण दिसले तर तो कळे. आता तो काही मिनिटांत दिसतो तो श्राव्यातीत ध्वनीमुळे. लोक या तपासणीला सोनोग्राफी म्हणतात.

आपल्या कानाला सेकंदाला २० पासून २०,००० पर्यंत कंपने ऐकू येतात. त्यापलीकडचा तो श्राव्यातीत ध्वनी. पियेर आणि झाक क्यूरी या भावांनी १८८० साली शोधून काढले, की काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांच्यावर विद्युत्‌भार निर्माण होतो. याच्या उलट, विजेचा दाब दिला की स्फटिक थरथरतो, हेही पुढे दिसून आले. या दाबविद्युत् स्फटिकांच्या साहाय्याने पॉल लांझव्हँ याने पहिल्या महायुद्धाच्या काळात समुद्रातील पाणबुड्या शोधण्याची युक्ती काढली. ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयन डोनाल्ड आणि अभियंता टॉम ब्राऊन यांनी तेच तत्त्व माणसाच्या पोटाकडे वळवले. पोटातील गाठी ध्वनीच्या साहाय्याने तपासण्याविषयीचा त्यांचा लेख १९५८ साली प्रसिद्ध झाला.

बाळाच्या तपासणीत सेकंदाला एक कोटी कंपने, म्हणजे १० मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा ध्वनी वापरतात. इतका उंच सूर कशासाठी? ध्वनीचा वेग भागिले वारंवारता म्हणजे तरंगलांबी. शरीरातील मऊ भागांत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर असतो. त्याला एक कोटीने भागले की तरंगलांबी येते सुमारे ०.१५ मिलिमीटर. तरंग जितका आखूड, तितका बारीक तपशील दिसतो. १००० कंपनांच्या साध्या आवाजाची तरंगलांबी दीड मीटर होईल. त्यात बाळही दिसणार नाही, मग ग्रंथी कुठली!

स्फटिक एक अतिसूक्ष्म ठोका सोडतो आणि मग गप्प राहून प्रतिध्वनी ऐकतो. ग्रंथी ४ सेंटिमीटर खोल असेल, तर ध्वनीला जाऊन येऊन ८ सेंटिमीटर अंतर कापावे लागते. त्याला लागतात सुमारे ५२ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखांश भागांपैकी ५२ भाग. यंत्र ही वेळ मोजते, तीवरून खोली काढते आणि पडद्यावर त्या जागी एक ठिपका उमटवते. असे हजारो ठिपके मिळून चित्र तयार होते. हवेला लागताच ध्वनी जवळजवळ पूर्णपणे मागे फिरतो. म्हणून कातडी व यंत्र यांच्यामध्ये हवा राहू नये यासाठी बाळाच्या पोटाला चिकट लेप लावतात. तो कोमट करून लावला म्हणजे बाळ गारठत नाही. क्ष-किरण नाहीत, सुई नाही, बेशुद्धीचे औषध नाही. बाळ आईजवळ दूध पिता पिताही तपासणी होऊ शकते.

निरोगी ग्रंथी पडद्यावर उलट्या इंग्रजी व्ही अक्षरासारखी दिसते. कडा गडद आणि मधोमध पांढरी बारीक रेघ. रक्तस्राव झाला असेल, तर ही घडी मोडून तेथे गोळा दिसतो.

गोळा की गाठ?

येथे खरी अडचण सुरू होते. लहान मुलांच्या अधिवृक्क ग्रंथीत न्यूरोब्लास्टोमा नावाची कर्करोगाची गाठही होते. तीही गोळ्यासारखीच दिसते. साकळलेले रक्त असेल, तर शस्त्रक्रिया करणे म्हणजे बाळाला विनाकारण चिरणे. कर्करोग असेल, तर त्याकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे. मग ठरवायचे कसे?

उत्तर एका चित्रात नसते, ते चित्रांच्या मालिकेत असते. ताजे साकळलेले रक्त पडद्यावर उजळ किंवा संमिश्र दिसते. आठवडा-दोन आठवड्यांत ते विरघळू लागते. द्रवात ध्वनी परत पाठवणाऱ्या सीमा नसतात, म्हणून तो भाग काळा दिसतो. पुढे गोळा आक्रसत जातो आणि त्याच्या कडेला चुन्याचे पांढरे कण जमू शकतात. गाठ मात्र अशी हळूहळू ओसरताना सहसा दिसत नाही. ती तशीच राहते किंवा वाढते. शिवाय डॉप्लर तपासणीने वाहणारे रक्त ओळखता येते. जवळ येणाऱ्या आगगाडीच्या शिट्टीचा सूर चढतो आणि दूर जाणारीचा उतरतो, हे तत्त्व ख्रिस्तिआन डॉप्लर याने १८४२ साली मांडले. साकळलेल्या रक्तात प्रवाह नसतो, गाठीत बहुधा असतो. लघवीतील काही द्रव्यांची तपासणीही मदतीला येते.

म्हणून बाळाची प्रकृती स्थिर असेल, तर डॉक्टर घाई करत नाहीत. ठरावीक दिवसांनी पुन्हा पुन्हा सोनोग्राफी करतात. वाट पाहणे हाही येथे उपचारच आहे. फार फिकट झालेल्या बाळाला रक्त देतात आणि काविळीसाठी निळ्या प्रकाशाखाली ठेवतात. एका बाजूच्या रक्तस्रावाने संप्रेरकांची उणीव सहसा भासत नाही, कारण दोन्ही ग्रंथींचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग निकामी झाल्याशिवाय शरीर अडत नाही. दोन्ही बाजूंना रक्तस्राव असेल, तर मात्र कॉर्टिसॉल मोजून पाहावे लागते आणि कमी पडले तर ते औषधरूपाने द्यावे लागते.

प्रत्येक बाळाची तपासणी करावी काय?

तुमच्यापैकी कोणी विचारील, तपासणी इतकी सोपी आणि निर्धोक आहे, तर जन्मलेल्या प्रत्येक बाळाची का करू नये? प्रश्न रास्त आहे. थोडा हिशेब करू.

हा रक्तस्राव हजारी साधारण दोन बाळांत आढळतो. एका बाळाला पंधरा मिनिटे धरली, तर हजार बाळांना २५० तास लागतील. एवढे तास बसणारा तज्ज्ञ त्या वेळात दुसऱ्या रुग्णांकडे पाहू शकणार नाही. हाती लागतील सुमारे दोन बाळे, आणि त्यांतीलही बहुतेक आपोआप बरी होणारी. उलट काही निरोगी बाळांत एखादी निरुपद्रवी पुटकुळी किंवा जरा फुगीर मूत्रपिंड दिसेल. मग आईवडिलांच्या मनाला घोर लागेल आणि तालुक्याहून जिल्ह्याला खेपा सुरू होतील.

जपानचा अनुभव येथे लक्षात ठेवण्यासारखा आहे. तेथे १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सहा महिन्यांच्या बालकांची लघवी तपासून न्यूरोब्लास्टोमा शोधण्याची देशव्यापी मोहीम होती. गाठी पुष्कळ सापडल्या. परंतु त्यांतील अनेक अशा होत्या, की शोधल्या नसत्या तर आपोआप जिरून गेल्या असत्या. कॅनडा आणि जर्मनी या देशांतील पाहण्यांतही अशा तपासणीने या रोगाचे मृत्यू घटल्याचे दिसले नाही. काही बालकांना मात्र गरज नसताना शस्त्रक्रिया आणि जहाल औषधे सोसावी लागली. अखेर २००४ साली जपानने ती मोहीम थांबवली. लवकर शोधणे नेहमीच हिताचे असते, ही आपली समजूत किती सावधपणे वापरावी लागते!

जागतिक आरोग्य संघटनेने १९६८ साली सरसकट तपासणीचे निकष प्रसिद्ध केले. रोग महत्त्वाचा असावा, त्यावर स्वीकारण्याजोगा उपचार असावा, तपासणी लोकांना रुचणारी असावी, खर्चाचा मेळ बसावा, असे ते निकष. त्यांवर घासून पाहिले, तर सर्व बाळांच्या सोनोग्राफीपेक्षा निवडक बाळांची सोनोग्राफी अधिक शहाणपणाची ठरते. कारण न कळणारा फिकटपणा, लांबलेली कावीळ, पोटात गोळा, किंवा प्रसूतीत गुदमरलेले मोठे बाळ, असे दिसले की ध्वनीच्या डोळ्याने जरूर पाहावे.

सेवाग्राम आणि आपले गाव

डॉ. सुशीला नय्यर यांनी सेवाग्रामला कस्तुरबांच्या नावे स्त्रिया व मुलांसाठी १५ खाटांचे रुग्णालय १९४५ साली सुरू केले, तेव्हा सोनोग्राफी जगात कोठेच रुळलेली नव्हती. डॉक्टरांचे हात, कान आणि स्टेथास्कोप हीच साधने. त्याच रुग्णालयाच्या आधाराने १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली. सावंगी (मेघे) येथेही आचार्य विनोबा भावे यांच्या नावाचे मोठे ग्रामीण रुग्णालय आहे. म्हणजे वर्ध्याच्या बाळाला या तपासणीसाठी मुंबई गाठण्याची गरज नाही.

पण यंत्रापर्यंत बाळ पोहोचवतो कोण? आर्वी, कारंजा किंवा समुद्रपूरकडच्या एखाद्या खेड्यात बाळ फिकट पडते आहे हे पहिल्यांदा पाहणारी असते आई, आजी किंवा घरी येणारी आशाताई. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी जाते. घरी जाऊन बाळ तपासण्याच्या या पद्धतीचा पाया सेवाग्रामच्या परिसरात वाढलेल्या डॉ. अभय बंग यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीत घातला. खेड्यातील स्त्रियांना शिकवून त्यांनी नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी केल्याचा अहवाल १९९९ साली प्रसिद्ध झाला. तिथे बाळ वाचले ते शिकवलेल्या डोळ्यांनी. मोठे यंत्र त्यानंतर येते.

प्रतिबंधाचा एक स्वस्त उपायही आहे. जन्मताच बाळाला के-जीवनसत्त्वाचे १ मिलिग्रॅमचे इंजेक्शन देतात. ते रक्त गोठण्यास मदत करते. प्रसूतीच्या दाबाने होणारी इजा त्याने टळत नाही, पण या जीवनसत्त्वाच्या अभावी होणारे रक्तस्राव टळतात.

याच यंत्राची दुसरी बाजूही विसरता येणार नाही. गर्भातील मुलगी ओळखून तिला जन्मच न देण्यासाठी सोनोग्राफीचा दुरुपयोग झाला. त्याविरुद्ध देशातील पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राने केला. पुढे १९९४ साली तो देशभरासाठी झाला. म्हणून नोंदणीशिवाय हे यंत्र कोणास ठेवता येत नाही. मुलगी जन्माला येऊ नये म्हणून जे वापरले गेले, तेच यंत्र जन्मलेल्या मुलीचा मुका मार शोधून तिला वाचवते. यंत्राला दोन्ही कामे सारखीच. निवड माणसाने करायची असते.

करून पाहा

शाळेच्या मोठ्या भिंतीपासून मोजून ८५ मीटर दूर उभे राहा. दोन लाकडी ठोकळे एकमेकांवर आपटा. प्रतिध्वनी कानी पडतो त्याच क्षणी पुढचा ठोका पडेल, अशी लय साधा. लय जमली की एका ठोक्याला 'शून्य' म्हणून तेथून मोजायला लागा आणि विसाव्या ठोक्यापर्यंतचा वेळ मित्राला घड्याळावर मोजू द्या. वीस अंतरांत ध्वनी २० × १७० = ३४०० मीटर जातो. त्याला सेकंदांनी भागा, की हवेतील ध्वनीचा वेग मिळेल. हा प्रयोग एकदा डिसेंबरच्या थंडीत आणि एकदा मे महिन्यात, सकाळी व दुपारी, करा. हवेचे तापमान दर अंशाने वाढले की ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. वर्ध्याच्या ४५ अंशांच्या दुपारी तो ३५८ मीटरच्या जवळ जातो.

तुमच्या प्रयोगात प्रतिध्वनी अर्ध्या सेकंदाने परत येतो आणि भिंतीचे अंतर सांगतो. बाळाच्या पोटात तो ५२ मायक्रोसेकंदांत परत येतो आणि एका आजीला सांगतो, की हे रक्त साकळलेले आहे, थोडी वाट पाहा, ते विरघळेल.